अपस्मार : पहिल्या झटक्याआधी मेंदूत काय घडते?

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीची महाराष्ट्राला खरी ओळख झाली ती उत्खननामुळे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी संयुक्तपणे येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि मातीच्या थरांखाली दडलेले, इसवी सनापूर्वीच्या काळातील बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. उत्खननात हाती येते ते शेवटी उरलेले असते. आधी कोणता दगड निखळला, भिंत एकदम कोसळली की वर्षानुवर्षे खचत गेली, हे अवशेषांवरून अनुमानानेच ठरवावे लागते. मेंदूच्या एका रोगाचे संशोधन जवळजवळ शंभर वर्षे नेमके याच अडचणीत अडकून पडले होते. हा रोग म्हणजे शंखखंडाचा अपस्मार.

कानशिलाच्या आतील बाजूस असलेला मेंदूचा भाग म्हणजे शंखखंड. वैद्यकात तो टेम्पोरल लोब या नावाने ओळखला जातो. मेंदूच्या एका ठरावीक जागेतून उद्भवणारे जे अपस्मार प्रौढांमध्ये आढळतात, त्यांत या प्रकाराचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. तथापि लोकांना तो अपस्मार म्हणून ओळखता येत नाही, हे त्याचे मोठे दुर्दैव होय.

पवनी तालुक्यातील कोणत्याही गावात दिसू शकेल असे एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. तेरा-चौदा वर्षांची एखादी मुलगी आजीजवळ बसून तांदूळ निवडत आहे. पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखे तिला वाटते, विनाकारण भीती दाटून येते, काहीतरी जळाल्याचा वास येतो. इतरांना मात्र तसा वास येत नाही. मग तिची नजर एका जागी खिळते. तोंड काही चघळल्याप्रमाणे हलू लागते, हात ओढणीशी चाळा करू लागतो. हाक मारली तरी उत्तर मिळत नाही. मिनिट-दोन मिनिटांत सारे थांबते. मुलगी गोंधळलेली, पेंगुळलेली असते आणि काय घडले ते तिला आठवत नाही. ती जमिनीवर कोसळलेली नसते, तिच्या तोंडाला फेस आलेला नसतो. त्यामुळे 'मिरगी' हा शब्दही कुणाच्या मनात येत नाही. शाळेत तिचे लक्ष नसते असे म्हटले जाते आणि घरात, तिला बाहेरची बाधा झाली असावी असे.

पुढचा मार्ग मग ठरलेला असतो. पवनी-भिवापूरचा हा परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. ती मिरची निखाऱ्यावर टाकून तिची धुरी बाधितास द्यावयाची, हा उपाय अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत, भूत उतरविण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, साखळीने बांधून ठेवणे यांच्याबरोबर मिरचीची धुरी देणे या कृत्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याने धुरी बंद करता येते. परंतु त्या मुलीला नेमके काय झाले आहे या प्रश्नाचे उत्तर कायदा देऊ शकत नाही. ते उत्तर मेंदूच्या अभ्यासातून मिळाले, आणि त्याचा मोठा वाटा प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांचा आहे.

स्मृतीचे स्थान, विकृतीचे स्थान

आपल्याकडील प्राचीन वैद्यकाने या रोगास दिलेले नावच विचार करण्यासारखे आहे. अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप. चरकसंहितेत त्याचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात यांनुसार चार प्रकार सांगितलेले आहेत. शंखखंडाच्या आतल्या घडीत हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा वळलेला अवयव असतो. आकार समुद्रातील अश्वमीनासारखा, म्हणून त्याचे हे ग्रीक नाव. नव्या आठवणी साठविण्याचे काम याच अवयवावर अवलंबून असते. शंखखंडाच्या अपस्मारात बहुधा विकृती आढळते तीही येथेच.

पॅरिसमध्ये बूशे आणि काझोव्हिए या दोघांनी १८२५ मध्ये अपस्माराच्या मृत रुग्णांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस कठीण व आक्रसलेला असल्याचे नोंदविले होते. १८८० मध्ये जर्मनीतील विल्हेल्म झोमर यांनी सुमारे ९० रुग्णांच्या नोंदी एकत्र करून, त्या अवयवातील एका ठरावीक पट्ट्यातील मज्जापेशी प्रामुख्याने नष्ट झालेल्या असतात हे दाखवून दिले. येथपर्यंत निरीक्षण अचूक होते. पण प्रश्न उरला तो वेगळाच. पेशी मेल्या म्हणून झटके येऊ लागले, की झटके येत राहिले म्हणून पेशी मेल्या? माणसाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली येतो तो मृत्यूनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे रोगास अनेक वर्षे लोटल्यावर. आरंभ पाहिलेला कोणीच नव्हता.

काटक्यांचा विस्तव

आरंभ दिसला तो काहीसा अपघाताने. कॅनडातील ग्रॅहॅम गोडार्ड हे संशोधक उंदरांच्या शिकण्याच्या क्रियेचा अभ्यास करीत होते. मेंदूतील अमिग्डाला या भागात अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह रोज थोडा वेळ सोडावा आणि उंदराच्या शिकण्यावर काय परिणाम होतो ते पाहावे, असा त्यांचा बेत होता. पहिल्या दिवसांत काहीच झाले नाही. परंतु तोच, तेवढाच सौम्य प्रवाह रोज देत राहिल्यावर काही दिवसांनी उंदरांना झटके येऊ लागले. १९६७ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. पुढे या क्रियेस किंडलिंग हे नाव मिळाले. चुलीत बारीक काटक्या पेटवून मोठे सरपण पेटते करावे, तसा त्याचा अर्थ. १९७२ मध्ये रसीन यांनी या झटक्यांच्या पाच पायऱ्या नोंदविल्या : प्रथम तोंडाचे चघळणे, मग मान हलणे, पुढच्या पायांना झटके, मागच्या पायांवर उभे राहणे आणि अखेर कोसळणे. पहिल्या पायरीवरील चघळणाऱ्या उंदराचे आणि तांदूळ निवडता निवडता थबकलेल्या मुलीचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्रवाह देणे थांबवून उंदरास आठवडे नव्हे, महिने विश्रांती दिली, तरी पुन्हा तोच सौम्य प्रवाह देताच झटका येई. म्हणजे मेंदू ते विसरला नव्हता. त्याची रचनाच कोठेतरी बदललेली होती.

त्यानंतर दोन वनस्पतिजन्य द्रव्यांनी संशोधनास वेग दिला. जपानच्या समुद्रकिनाऱ्यावरील एक तांबडे शेवाळ पोटातील जंतांवर औषध म्हणून पूर्वापार वापरले जाई. त्यातून १९५३ मध्ये कायनिक आम्ल वेगळे करण्यात आले. मज्जापेशींना उद्दीपित करणारे ग्लुटामेट हे द्रव्य मेंदूत नैसर्गिकरीत्या असते. कायनिक आम्ल त्याची हुबेहूब नक्कल करते आणि पेशींना असह्य होईल इतके चेतविते. १९७८ मध्ये नॅडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्याने उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी निवडकपणे नष्ट होतात हे दाखविले आणि लवकरच फ्रान्समध्ये बेन-आरी यांनी त्याचा अपस्माराच्या अभ्यासासाठी उपयोग केला. दुसरे द्रव्य पायलोकार्पिन. दक्षिण अमेरिकेतील एका झुडपापासून मिळणारे हे द्रव्य काचबिंदूवर डोळ्यांत घालण्याचे थेंब म्हणून नेत्रतज्ज्ञांना चांगले परिचित आहे. १९८३ मध्ये तुर्स्की व सहकाऱ्यांनी ते मोठ्या मात्रेत उंदरांना देऊन अपस्माराची प्रतिकृती तयार केली. ब्राझीलमध्ये या प्रतिकृतीवर पुढे विपुल काम झाले.

या दोन्ही द्रव्यांनी उंदरास तासन्‌तास चालणारा अखंड झटका येतो. तो औषधाने थांबविला की उंदीर सावरतो, खातो-पितो, इतर उंदरांसारखाच दिसू लागतो. काही दिवस, कधी काही आठवडे असे शांततेत जातात. आणि मग एके दिवशी, कोणतेही द्रव्य न देता, कोणताही प्रवाह न सोडता, त्यास आपोआप झटका येतो. त्यानंतर ते झटके जन्मभर येत राहतात.

मधल्या या शांत कालखंडास सुप्तकाल म्हणतात. माणसात तो महिन्यांचा किंवा वर्षांचा असतो. अपस्मार ही एका क्षणी कोसळणारी आपत्ती नसून दीर्घकाळ चाललेल्या घडणीचा शेवट आहे, हे उंदरांच्या या शांत आठवड्यांनी प्रथमच दाखवून दिले.

सुप्तकालातील घडामोड

हिप्पोकॅम्पसच्या तोंडाशी कणपेशींचा एक दाट पट्टा असतो. बाहेरून येणाऱ्या संदेशांच्या लोंढ्यातून थोडेसेच आत सोडावयाचे, हे त्याचे काम. मामा तलावाच्या तोंडाशी बसविलेल्या दारासारखे. या दारावर पहारा करणाऱ्या निरोधक पेशी पट्ट्याच्या आतल्या बाजूस असतात. त्या गॅबा नावाचे द्रव्य सोडून कणपेशींना आवर घालतात. तेथेच मॉसी पेशी नावाच्या आणखी काही पेशी असतात. अखंड झटक्यात सर्वांत आधी बळी पडतात त्या या आतल्या भागातील पेशी. दार उभे असते, पहारेकरी कमी झालेले असतात. जे पहारेकरी वाचतात त्यांनाही जागे करणारे कोणी उरत नाही, म्हणून ते निद्रिस्त राहतात, असा सिद्धान्त स्लोव्हिटर यांनी १९८७ मध्ये मांडला. त्यावर आजही मतभेद आहेत.

परंतु पेशींचे मरण हा अर्धाच भाग झाला. उरलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. पवनीत कोष्टी समाजाचा हातमागाचा व्यवसाय जुना आहे. मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर तो शोधून त्याच्याच जोडीच्या टोकाशी गाठ मारतो. चुकून शेजारच्या धाग्याशी गाठ पडली तर कापड विणले जाते, पण नक्षी बिघडते. मेंदूत गाठ पाहून मारणारा विणकर नसतो. मॉसी पेशी मेल्यावर, त्यांचे तंतू ज्या ठिकाणी जोडलेले होते ती ठिकाणे रिकामी होतात. तेथे कणपेशींचे तंतू नवे फाटे फोडून जाऊन बसतात. पण ती ठिकाणे कोणाची? ती असतात स्वतः कणपेशींच्याच शाखांवरची. परिणामी जो संदेश पुढे जावयास हवा तो मागे फिरून कणपेशींच्याच पट्ट्यात येतो आणि एक पेशी दुसरीला, दुसरी तिसरीला चेतविते. जाहीर सभेत ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या समोर आला की कर्कश शिट्टी वाजू लागते. तिचे कारण आणि या झटक्याचे कारण तत्त्वतः एकच.

हे बदल डोळ्यांनी पाहता येतात. कणपेशींच्या तंतूंत जस्त असते. टिम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंजनपद्धतीत ते जस्त काळे दिसते. निरोगी उंदराच्या मेंदूच्या पातळ कापात हा काळा रंग पट्ट्याच्या आतल्या बाजूसच राहतो. अपस्मारग्रस्त उंदरात, जेथे मुळीच नसावयास हवी तेथे, पट्ट्याच्या बाहेरील अंगास एक ठसठशीत काळी रेघ उमटते. १९८८ मध्ये सुतुला व सहकाऱ्यांनी किंडलिंग झालेल्या उंदरांतही ती दाखविली. आणि १९८९ मध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी हिप्पोकॅम्पसवर तीच रंजनप्रक्रिया केली असता, तीच काळी रेघ माणसातही आढळली. ज्यास गाव 'बाहेरचे' म्हणते, त्याची एक खूण अशी आत, जस्ताच्या रंगाने उमटलेली असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही रेघ रोगाचे कारण आहे की केवळ रोगाची खूण? हे ठरविण्यासाठी संशोधकांनी तंतूंचे फुटवे औषधाने रोखून पाहिले. सायक्लोहेक्झिमाइड या द्रव्यावर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आणि पुढे रॅपामायसिनवरील प्रयोगांत फुटवे रोखले गेले, तरी झटके थांबले नाहीत. सुंदर आणि सहज पटणारा सिद्धान्त प्रयोगापुढे असा अडखळतो. तेव्हा एकच दोषी धरून चालणार नाही, हे मान्य करावे लागले.

दोषींची यादीही दरम्यान वाढली. कणपेशी जन्मभर नव्याने निर्माण होतात. अखंड झटक्यानंतर त्यांची उत्पत्ती वाढते आणि काही नव्या पेशी भलत्याच जागी जाऊन बसतात, असे १९९७ मध्ये दिसून आले. मज्जापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशी पोटॅशियम शोषून घेण्यात उण्या पडतात. मेंदूत दाह निर्माण होतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधील बांध पाझरू लागून रक्तातील प्रथिने आत शिरतात. यांपैकी प्रत्येक बदल स्वतंत्रपणे किती जबाबदार आहे याचा उलगडा अद्याप चालू आहे.

गरम पाण्याचा तांब्या

या विषयात भारतीय संशोधनाचा एक भाग विशेष लक्षणीय आहे. कर्नाटकात, विशेषतः म्हैसूरच्या परिसरात, डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे भराभर ओतून स्नान करताना झटका येणारे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, पी. सतीशचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच स्नानाची प्रतिकृती उंदरांवर तयार केली. उंदराच्या अंगावर ठरावीक अंतराने गरम पाणी सोडून झटके आणले असता, पुढेपुढे ते कमी तापमानाला आणि अधिक सहजपणे येऊ लागले आणि हिप्पोकॅम्पसमध्ये तंतूंचे तेच नवे फुटवे दिसून आले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी डोक्यावरून कढत पाणी घेऊ नये, कोमट घ्यावे, हा सल्ला साधा वाटतो. प्रत्येक टाळलेला झटका पुढच्या झटक्याची वाट अरुंद करतो, हा त्यामागचा विचार.

ताप, आकडी आणि वेळ

विदर्भातील पालकांना सर्वांत जवळचा प्रश्न मात्र तापातील आकडीचा आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच मुलांना तापात केव्हातरी आकडी येते. बहुतेक आकड्या काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्यांमुळे मेंदूस इजा होत नाही. याविषयी पालकांनी निःशंक राहावे. धोका असतो तो लांबलेल्या आकडीचा, विशेषतः अर्ध्या तासाहून अधिक चाललेल्या.

कॅलिफोर्नियातील टॅली बारम यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या काही दिवसांच्या पिलांना उबदार हवेने तापवून असे लांबलेले झटके आणले. या पिलांच्या मेंदूत पेशी मेल्याचे दिसले नाही. परंतु पेशींच्या आवरणातून विद्युतभारित कण ये-जा करतात त्या मार्गांत टिकाऊ बदल झाला होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा उंदरांपैकी सुमारे एक तृतीयांशांना मोठेपणी आपोआप झटके येऊ लागले. माणसांतही, लांबलेल्या आकडीनंतर लगेच चुंबकीय प्रतिमा घेतल्यास काही मुलांच्या हिप्पोकॅम्पसला सूज आलेली दिसते आणि त्यांतील काहींत तो पुढे आक्रसतो.

मेंदूज्वराची गोष्ट याहून गंभीर. १९६५ मध्ये नागपूर भागातील तापाच्या साथीत रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी वेगळा केला आणि त्यास चांदीपुरा हे नाव मिळाले. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीमार्फत तो पसरतो. २००७ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात त्याने लहान मुलांचे बळी घेतले, आणि त्यानंतरच्या वर्षांतही विदर्भात, भंडारा जिल्ह्यासह, त्याचे रुग्ण सापडले. कोणत्याही विषाणूमुळे मेंदूज्वर झाला आणि त्यात झटके आले, तर वाचलेल्या मुलास पुढे अपस्मार जडण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. डोक्यास झालेली मोठी इजा, जन्मवेळचा श्वासावरोध, मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळ्या, याही गोष्टी त्याच वाटेने जातात.

येथे वेळेचे महत्त्व प्रयोगांनीच सिद्ध केले आहे. पायलोकार्पिनने आलेला झटका लवकर थांबविला तर पुढे अपस्मार जडणाऱ्या उंदरांची संख्या घटते. तो तासन्‌तास चालू दिला तर बहुतेकांना अपस्मार होतो. म्हणूनच पाच मिनिटांत न थांबणारी आकडी ही तातडीची बाब मानली जाते. नाकात मारावयाचा मिडाझोलामचा फवारा किंवा शिरेतून दिलेले तत्सम औषध हा त्यावर उपाय होय. कांदा हुंगविणे, वहाण नाकाशी धरणे, हातात किल्ली कोंबणे यांत जी मिनिटे जातात ती याच हिशेबात मोजावी लागतील. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने या भागातील अनेक गावांना वेढा दिला होता. रस्ते तुटतात त्या दिवसांत आकडीचे बालक असलेल्या घरी डॉक्टरांनी सांगितलेला फवारा हाताशी असणे, ही छत्री-कंदिलाइतकी साधी तयारी ठरावी.

उंदरापासून औषधापर्यंत

प्राण्यांवरील प्रयोगांचा रुग्णास काय लाभ झाला, असा प्रश्न विचारणे रास्त आहे. मुक्या जिवास यातना देऊन मिळविलेल्या ज्ञानाबाबत तो विचारलाच पाहिजे. फेनिटोइन हे औषध १९३७-३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी मांजरांवरील चाचण्यांतून शोधले. ते आजही वापरात आहे. लेव्हेटिरासिटामची कथा अधिक बोधक आहे. निरोगी प्राण्यास झटका आणून औषध पारखण्याच्या रूढ चाचण्यांत ते निरुपयोगी ठरले होते. किंडलिंग झालेल्या, म्हणजे ज्यांचा मेंदू बदललेला आहे अशा प्राण्यांत मात्र ते गुणकारी ठरले. बदललेल्या मेंदूची प्रतिकृती नसती तर हे औषध केराच्या टोपलीत गेले असते. १९९९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि आता ते आपल्याकडेही सर्रास दिले जाते.

जे साधले नाही तेही सांगितले पाहिजे. सुप्तकालातच घडण रोखून अपस्मार होऊच नये असे करणारे औषध आजवर सापडलेले नाही. डोक्यास इजा झालेल्या रुग्णांना फेनिटोइन दिल्यास पहिल्या आठवड्यातील झटके कमी होतात, पण पुढचा अपस्मार टळत नाही, असे १९९० मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसून आले. उंदरात यशस्वी ठरलेले अनेक उपाय माणसापर्यंत पोचत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषध नियमित घेतल्यास सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. आक्रसलेल्या हिप्पोकॅम्पसचे रुग्ण मात्र औषधांना तितकी दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी विकृत भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. कॅनडातील ८० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत, एक वर्षानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त झालेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात ८ टक्के होते. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत या शस्त्रक्रियांचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे.

पवनीच्या वाटेवर

तांदूळ निवडणारी ती मुलगी या साऱ्यापर्यंत पोचावी कशी? पवनीस ग्रामीण रुग्णालय आहे, भंडाऱ्यास जिल्हा रुग्णालय. उमरेडच्या रस्त्याने नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणीत झटक्यांच्या विकारांचाही समावेश आहे. अडचण असते ती पहिल्या पावलाची. 'मुलगी मध्येच थबकते' ही तक्रार घेऊन दवाखान्यात जावे, असे कुणास सुचत नाही. गुरुजी, आशा कार्यकर्ती किंवा घरातील एखादी जाणती व्यक्ती यांपैकी कुणी तरी ते पाहून ठेवले, शक्य तर भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण केले, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

झटका चालू असता तिला धरून दाबून ठेवू नये. चूल, विहीर, कालवा यांपासून हळूच दूर न्यावे आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबावे. ती कोसळलीच तर कुशीवर वळवावे. तोंडात काहीही घालू नये. वैनगंगेवर डोंग्यातून मासे धरणाऱ्या ढिवरांस किंवा कालव्याच्या काठी गुरे राखणाऱ्यास हा विकार असेल, तर औषध सुरू होऊन झटके थांबेपर्यंत त्याने पाण्याजवळ एकट्याने जाऊ नये. एका मिनिटाची हरपलेली शुद्ध जमिनीवर निभावते, पाण्यात निभावत नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक भीती आईबापांच्या मनात असते, ती विवाहाची. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात विवाहास बाधक म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला आहे. रोग लपविण्यासाठी गोळ्या चोरून घेणे आणि लग्नाच्या धामधुमीत त्या एकदम बंद करणे, हे मात्र घातक आहे. औषध अचानक तोडल्यास अखंड झटका येऊ शकतो.

डॉक्टरांच्या टेबलासमोर ही मुलगी बसली की झटक्यांचे वर्णन तर विचारले जातेच, पण त्याबरोबर एक जुना प्रश्नही येतो : लहानपणी कधी तापात आकडी आली होती का, आणि ती किती वेळ चालली होती? मुलीस ते ठाऊक नसते. वडील कामासाठी बाहेरगावी असतात, आईस नीटसे आठवत नाही. बहुधा सोबत आलेली आजीच सांगते की, पोर दोन वर्षांची असताना, भर पावसाळ्यात, नदीला पूर होता आणि गाडी मिळेपर्यंत दिवस मावळला होता.